लिव्हिंगस्टन स्टोन
लिव्हिंगस्टन स्टोन (जन्म: २१ ऑक्टोबर १८३६, मृत्यू: १९१२) हे अमेरिकन मत्स्यसंवर्धक होते. कॅलिफोर्नियातील मक्लाउड नदीकाठी १८७२ साली त्यांनी चिनूक साल्मन माशांची अंडी गोळा करून उबवणारे केंद्र उभारले. प्रशांत महासागराच्या किनारपट्टीवरील अमेरिकन संघशासनाचे हे पहिले साल्मन केंद्र होय. याच नदीकाठी १८७९ साली त्यांनी इंद्रधनुषी ट्राउटचे बीज मिळवण्यासाठी दुसरे केंद्र सुरू केले. आज जगभरातील मत्स्यबीज केंद्रांत वाढवल्या जाणाऱ्या इंद्रधनुषी ट्राउटच्या अनेक वाणांत तेथून गेलेल्या माशांचा अंश आहे. स्टोन यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीन दशकांनी शास्ता धरणाच्या जलाशयात मक्लाउडचे केंद्र बुडाले. त्या धरणाच्या पायथ्याशी, नामशेष होऊ घातलेल्या हिवाळी साल्मनच्या संवर्धनासाठी उभारलेल्या केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

प्रारंभिक जीवन

स्टोन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. १८५७ साली ते हार्वर्ड महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढे धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन ते न्यू हॅम्पशायर राज्यातील चार्ल्सटाउन या गावी युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक झाले. प्रकृती साथ देत नसल्याने मोकळ्या हवेतील काम करण्याची गरज त्यांना भासू लागली. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी उपदेशकाचे काम सोडले आणि झऱ्याच्या थंड पाण्यावर ट्राउट माशांची तळी सुरू केली. ही तळी ‘कोल्ड स्प्रिंग ट्राउट पाँड्स’ या नावाने ओळखली जात.

चार्ल्सटाउन हे गाव कनेटिकट नदीच्या काठी आहे. अटलांटिक साल्मन पूर्वी समुद्रातून या नदीत शिरून वरच्या उपनद्यांपर्यंत जात आणि तेथे अंडी घालत. १७९८ साली टर्नर्स फॉल्स येथे नदीवर आडवा बांध घातला गेल्याने त्यांची वाट अडली आणि थोड्याच वर्षांत ते नदीतून नाहीसे झाले. स्टोन या नदीकाठी राहावयास आले तेव्हा तेथील साल्मन केवळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत उरला होता. न्यू इंग्लंडमधील इतर अनेक नद्यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. गिरण्यांचे बांध, जंगलतोड, कारखान्यांची घाण आणि बेसुमार मासेमारी या कारणांनी मासे घटत आहेत, हे जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी व्हरमाँट राज्याच्या विधिमंडळाला १८५७ साली सादर केलेल्या अहवालात दाखवून दिले होते. गिरण्या बंद करणे कोणालाही परवडणारे नव्हते. त्यामुळे नद्या आहेत तशाच ठेवून कृत्रिम रीतीने उबवलेले मासे त्यांत सोडावेत, हा उपाय त्या काळी सर्वांना सोयीचा वाटला. अमेरिकेतील मत्स्यसंवर्धनाची चळवळ याच विचारातून वाढली आणि स्टोन तिच्या अग्रणींपैकी एक ठरले.

मत्स्यसंवर्धन संघटना आणि ग्रंथलेखन

२० डिसेंबर १८७० रोजी न्यू यॉर्क शहरात मत्स्यसंवर्धकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. विल्यम क्लिफ्ट हे तिचे पहिले अध्यक्ष आणि स्टोन हे चिटणीस होते. हीच संस्था पुढे ‘अमेरिकन फिशरीज सोसायटी’ या नावाने प्रसिद्ध झाली असून ती आजही कार्यरत आहे. संघशासनाने मत्स्य आयोग नेमावा आणि त्याने मत्स्यबीज उत्पादनाचे काम हाती घ्यावे, यासाठी या संघटनेने प्रयत्न केले.

१८७२ साली स्टोन यांचा ट्राउट संवर्धनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तळ्यांसाठी जागा निवडणे, पाण्याचे तापमान व प्रवाह राखणे, अंडी फलित करणे, मेलेली अंडी रोज वेचून काढणे, पिलांना खाद्य देणे, अशा व्यावहारिक बाबी त्यात सविस्तर सांगितल्या आहेत. शेतकऱ्यांना व हौशी मत्स्यपालकांना तो उपयुक्त ठरल्याने त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

मक्लाउड नदीवरील केंद्र

संघशासनाचा मत्स्य आयोग १८७१ साली स्थापन झाला. स्मिथसोनियन संस्थेतील निसर्गशास्त्रज्ञ स्पेन्सर फुलरटन बेर्ड हे त्याचे पहिले आयुक्त होते. पूर्वेकडील नद्यांत पुन्हा साल्मन आणावयाचा, तर अंडी लागणार होती. तेथील बहुतेक नद्यांतून साल्मन नाहीसा झाला होता आणि कॅनडातून येणारी अंडी महाग पडत. प्रशांत महासागराच्या बाजूला मात्र साल्मन विपुल होता. म्हणून बेर्ड यांनी १८७२ साली स्टोन यांना कॅलिफोर्नियाला पाठवले.

सॅक्रामेंटो नदीत साल्मन आहे हे सर्वश्रुत होते. १८६४ साली तिच्या काठावर साल्मन डबाबंद करण्याचा पहिला कारखानाही निघाला होता. परंतु हे मासे अंडी नेमकी कोठे घालतात, हे सांगू शकेल असा माणूस स्टोन यांना सॅन फ्रान्सिस्कोत सहजी भेटेना. अखेरीस रेल्वेच्या एका अभियंत्याने मक्लाउड आणि पिट या नद्यांच्या संगमाजवळची जागा त्यांना दाखवून दिली. स्थानिक आदिवासी तेथे भाल्यांनी साल्मन मारत असत. स्टोन काही अंतर रेल्वेने आणि पुढे डोंगराळ वाटेने तेथे पोहोचले. संगमापासून काही मैल वर, मक्लाउडच्या पश्चिम काठावर त्यांनी तळ ठोकला. आयुक्तांच्या नावावरून या ठिकाणाला ‘बेर्ड’ असे नाव पडले.

शास्ता पर्वताच्या ज्वालामुखीय खडकांतून झिरपणारे पाणी झऱ्यांवाटे मक्लाउड नदीत येते. त्यामुळे आसपासचा प्रदेश उन्हाळ्यात तापलेला असतानाही नदीचे पाणी थंडगार असे. साल्मनला ती मानवण्याचे मुख्य कारण हेच होते.

पहिल्या वर्षी स्टोन उशिरा पोहोचल्याने हंगाम सरत आला होता. त्या वर्षी थोडीच अंडी मिळाली. त्यांतील काही तेथेच उष्णतेने मेली आणि उरलेल्यांपैकी बरीचशी पूर्वेकडच्या प्रवासात दगावली. पुढील वर्षापासून मात्र काम पद्धतशीर सुरू झाले. नदीच्या पात्रात आडवे कुंपण घालून वर जाणारे मासे अडवले जात आणि रापणीसारख्या मोठ्या ओढजाळ्याने पकडले जात. मादीच्या पोटातील अंडी कोरड्या भांड्यात काढून त्यांवर नराचे शुक्रद्रव्य सोडले जाई व नंतरच पाणी घातले जाई. या कोरड्या पद्धतीने फलित होणाऱ्या अंड्यांचे प्रमाण पुष्कळ वाढते. नदीच्याच प्रवाहाने फिरणारे मोठे चाक उबवणीच्या पन्हळींसाठी पाणी उपसून देई. अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की ती ओल्या शेवाळाच्या थरांत रचून, भोवती बर्फ घालून, लाकडी पेट्यांतून रवाना केली जात. खंडपार रेल्वेमार्ग १८६९ साली पूर्ण झालेला असल्यानेच अशी वाहतूक शक्य झाली. काही वर्षांतच या केंद्रातून दरवर्षी लक्षावधी अंडी अमेरिकेतील अनेक राज्यांना, तसेच कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे जाऊ लागली.

विन्नेमेम विंटू समाजाशी संबंध

मक्लाउडचे खोरे ही विन्नेमेम विंटू या आदिवासी समाजाची भूमी होती. या समाजाचे नावही नदीवरून आलेले आहे. विन्नेमेम म्हणजे मधली नदी. साल्मन हा त्यांच्या आहाराचा आणि धर्मविधींचा आधार होता. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या हल्ल्यांमुळे आणि रोगराईमुळे त्यांची संख्या आधीच फार घटली होती. नदीवर केंद्र उभारण्यास त्यांनी प्रारंभी विरोध केला. अंडी काढून घेतल्यानंतर माशांचे मांस त्यांनाच दिले जाईल, असे स्टोन यांनी मान्य केल्यावर हा विरोध निवळला. त्यांच्यापैकी अनेक स्त्रीपुरुष केंद्रात कामाला येऊ लागले. जाळी ओढणे, अंडी वेचणे ही कामे मुख्यतः त्यांच्याच हातांनी होत.

स्टोन यांच्या शासकीय अहवालांत या लोकांविषयी आस्थेने लिहिलेले आढळते. त्यांची भाषा, मासेमारीची साधने आणि चालीरीती यांची माहिती त्यांनी टिपून ठेवली. विंटू भाषेतील शब्दांची यादीही त्यांनी आपल्या अहवालाला जोडली. या नोंदींचा उपयोग पुढील काळातील अभ्यासकांना झाला. तथापि नदीवरील कुंपणाचा आणि केंद्राच्या वाढत्या पसाऱ्याचा भार याच समाजाला सोसावा लागला, ही बाब डावलता येत नाही. १८८७ साली विन्नेमेम लोकांनी या केंद्राच्या विरोधात पारंपरिक युद्धनृत्य केले होते.

माशांची रेल्वेने वाहतूक

पूर्वेकडील मासे कॅलिफोर्नियात नेण्याचे कामही स्टोन यांच्याकडे होते. जून १८७३ मध्ये खास बांधणीच्या रेल्वेडब्यात टाक्या बसवून त्यांत बास, पर्च, कॅटफिश, ईल, ट्राउट, शेवंडे इत्यादी अनेक प्रकारचे जलचर घेऊन ते निघाले. ८ जून रोजी नेब्रास्का राज्यात ओमाहाच्या पश्चिमेस एल्कहॉर्न नदीवरील पूल खचून गाडी पाण्यात कोसळली. स्टोन आणि त्यांचे सहकारी बचावले, परंतु सर्व मासे नदीत गेले. त्याच महिन्यात ते हडसन नदीतील शॅड माशांची हजारो पिले घेऊन पुन्हा निघाले. वाटेत टाक्यांतील पाणी बदलत व बर्फाने थंड राखत त्यांनी ती जिवंत अवस्थेत सॅक्रामेंटो नदीत सोडली. पुढच्या वर्षी दुसरा मत्स्यडबा कॅलिफोर्नियात सुखरूप पोहोचला.

१८७९ साली स्टोन यांनी न्यू जर्सीतील नेव्हसिंक नदीतून आणलेले सुमारे १३५ पट्टेरी बास सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या मुखाआतील कार्किनेझ सामुद्रधुनीत सोडले. १८८२ साली आणखी काही बास सोडण्यात आले. एवढ्या थोड्या माशांपासून वीस वर्षांच्या आत मोठी व्यापारी मासेमारी उभी राहिली. त्या काळी हे मत्स्यसंवर्धनाचे मोठे यश मानले गेले. हाच बास साल्मनची पिले खातो, असा आक्षेप पुढे घेतला जाऊ लागला. साल्मनच्या घटीला तो कितपत जबाबदार आहे, याबद्दल आजही मतभेद आहेत.

इंद्रधनुषी ट्राउट

मक्लाउड नदीत साल्मनखेरीज ट्राउटही भरपूर होता. त्याच्या अंगावरील तांबूस पट्ट्यामुळे तो इंद्रधनुषी ट्राउट या नावाने ओळखला जाऊ लागला. पूर्व अमेरिकेतील ब्रूक ट्राउटच्या तुलनेत हा मासा काहीसे उबदार पाणी सोसतो, झपाट्याने वाढतो आणि बंदिस्त तळ्यांत सहज रुळतो. त्याचे काही भाऊबंद समुद्रात जाऊन मोठे होऊन परततात. त्यांना स्टीलहेड म्हणतात. दोन्ही एकाच जातीचे आहेत, हे त्या काळी स्पष्ट झालेले नव्हते.

१८७९ साली स्टोन यांनी साल्मन केंद्रापासून काही मैल वर, नदीला मिळणाऱ्या क्रूक्स ओढ्यावर ट्राउटची तळी बांधली. नदीतून पकडलेले प्रौढ मासे तेथे ठेवून वसंतात त्यांची अंडी काढली जात. १८८० पासून सुमारे आठ वर्षे ही अंडी देशभरातील केंद्रांना पाठवली गेली. मिशिगनमधील नॉर्थव्हिल आणि व्हर्जिनियातील वाइथव्हिल येथील केंद्रांत त्यांपासून प्रजननक्षम मासे तयार झाले आणि तेथून त्यांचा प्रसार झाला. कॅलिफोर्नियातील खाजगी संवर्धकांनी याआधीच, १८७५च्या सुमारास, काही ट्राउट न्यू यॉर्कला पाठवले होते. त्यामुळे जगातील सगळे इंद्रधनुषी ट्राउट मक्लाउडचेच वंशज आहेत, हा एकेकाळचा समज बरोबर नाही. मक्लाउडच्या तळ्यांतही स्थानिक ट्राउट आणि स्टीलहेड यांची सरमिसळ झालेली होती.

यश आणि अपयश

पूर्वेकडील नद्यांत चिनूक साल्मन रुजवणे, हा मक्लाउड केंद्राचा मूळ उद्देश होता. तो सफल झाला नाही. अनेक नद्यांत लक्षावधी पिले सोडली गेली. ती समुद्राकडे गेली, परंतु टिकाऊ संख्येने परतली नाहीत. साल्मन ज्या पाण्यात वाढतो त्याचा गंध ओळखून तेथेच परततो आणि त्याचे जीवनचक्र त्या नदीच्या तापमानाशी व प्रवाहाशी पिढ्यानपिढ्या जुळलेले असते. हे ज्ञान त्या वेळी उपलब्ध नव्हते.

न्यूझीलंडला १८७०च्या दशकात गेलेली अंडीही रुजली नाहीत. तेथील यश विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिळाले. १९०१ ते १९०७ या काळात लेक फाल्कनर एसन यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियातून आलेली अंडी वैटाकी नदीच्या खोऱ्यातील हाकाटारामेआ येथे उबवली गेली. त्या माशांचे वंशज दक्षिण बेटाच्या नद्यांत आजही आहेत.

सॅक्रामेंटो खोऱ्यातील साल्मनची स्थितीही बिघडत होती. सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या झोताने फोडले जात असल्याने उपनद्या गाळाने भरल्या. १८८४ च्या न्यायालयीन निर्णयानंतरच या प्रकाराला मोठा आळा बसला. नदीच्या मुखाकडे डबाबंद कारखान्यांसाठी बेसुमार मासेमारी चालू होती. १८८३ च्या सुमारास सॅक्रामेंटोच्या घळईत रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावले जाऊ लागले आणि बेर्ड येथे येणाऱ्या माशांची संख्या एकदम घसरली. त्यामुळे केंद्रातील साल्मनचे काम काही वर्षे थांबवावे लागले. मासे नदीपर्यंत पोहोचलेच नाहीत, तर उत्तम उबवणी केंद्रही निरुपयोगी ठरते, हे यावरून दिसून आले.

ओरेगन आणि अलास्का

१८७७ साली स्टोन यांनी ओरेगन राज्यातील क्लॅकमस नदीवर साल्मन केंद्र उभारले. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील हे पहिले केंद्र होते. त्याचा खर्च डबाबंद कारखान्यांच्या मालकांनी केला होता. १८८९ साली टार्लटन बीन यांच्या नेतृत्वाखालील पथकातून ते अलास्कातील कोडियाक आणि अफोग्नाक बेटांवर गेले. कार्लुक नदीच्या मुखाशी कारखान्यांची जाळी नदीची वाट जवळजवळ बंद करीत होती. हे दृश्य त्यांनी तेथे पाहिले.

या अनुभवानंतर स्टोन यांच्या विचारांत लक्षणीय बदल झालेला दिसतो. १८९२ साली अमेरिकन फिशरीज सोसायटीपुढे त्यांनी एक निबंध वाचला. कॅलिफोर्निया आणि ओरेगनमधील साल्मन मासेमारी, बांध, खाणी व लाकूडतोड यांच्या कचाट्यात सापडला असून केवळ कृत्रिम उबवणीने तो वाचणार नाही. म्हणून रानगव्यांसाठी जसे यलोस्टोन उद्यान, तसे साल्मनसाठी एक राष्ट्रीय आश्रयस्थान राखून ठेवावे, अशी मांडणी त्यांनी केली. त्यासाठी त्यांनी अफोग्नाक बेट सुचवले. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी अफोग्नाक बेट वने आणि मत्स्यसंवर्धन यांसाठी राखीव असल्याची घोषणा केली. माशांच्या अधिवासाचे रक्षण करण्यासाठी संघशासनाने राखलेल्या अगदी प्रारंभीच्या प्रदेशांत त्याची गणना होते.

उत्तरायुष्यात स्टोन न्यू यॉर्क राज्यातील केप व्हिन्सेंट येथील शासकीय मत्स्यकेंद्राचे अधीक्षक होते. १९१२ साली त्यांचे निधन झाले.

शास्ता धरण आणि खालील नदी

१९३८ ते १९४५ या काळात रेडिंगच्या वरच्या बाजूस सॅक्रामेंटो नदीवर शास्ता धरण बांधले गेले. त्याची उंची ६०२ फूट, म्हणजे सुमारे १८३ मीटर आहे. जलाशयाची क्षमता सुमारे ४५.५ लाख एकर-फूट, म्हणजे अंदाजे १९८ टीएमसी आहे. बेर्ड येथील केंद्र, मक्लाउडचा खालचा भाग आणि विन्नेमेम विंटूंची अनेक गावे व पवित्र स्थाने या पाण्याखाली गेली. धरणाला मत्स्यमार्ग ठेवलेला नसल्याने साल्मनला मक्लाउड, पिट आणि वरची सॅक्रामेंटो या तिन्ही नद्यांची वाट कायमची बंद झाली. भरपाई म्हणून बॅटल क्रीक या उपनदीवर १९४२ साली कोलमन मत्स्यबीज केंद्र सुरू करण्यात आले. १९६५ साली मक्लाउडच्या वरच्या भागात जलविद्युत निर्मितीसाठी आणखी एक धरण झाले आणि तिचे बरेचसे पाणी पिट नदीकडे वळवण्यात आले. स्टोन यांच्या काळी या नदीत असलेला बुल ट्राउट कॅलिफोर्नियात शेवटचा १९७५ साली येथेच आढळला.

सर्वाधिक हानी हिवाळी साल्मनची झाली. हे मासे हिवाळ्यात नदीत शिरतात आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी अंडी घालतात. त्यांची अंडी ऐन उन्हाळ्यात रेतीखडीत उबत असल्याने त्यांना झऱ्यांचे थंड पाणी आवश्यक असते. ते पाणी धरणाच्या वर राहिले. प्रारंभी जलाशयाच्या तळातून सुटणाऱ्या थंड पाण्यामुळे धरणाखालील पात्रात ही जात टिकली आणि वाढलीही. पुढे १९७६-७७ चा दुष्काळ, खालच्या बाजूस रेड ब्लफ येथे १९६४ साली झालेला वळण बंधारा आणि जलाशयातून वाढलेली पाण्याची उचल यांमुळे ती झपाट्याने घटली. १९६९ साली एक लाखाहून अधिक असलेले परतणारे मासे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी काही वर्षी दोनशेच्याही खाली आले. १९९४ साली या जातीला संकटग्रस्त म्हणून संरक्षण देण्यात आले.

तेव्हापासून शास्ता धरणातील विसर्गाचे नियोजन हे केवळ सिंचन व वीज यांपुरते राहिलेले नाही. उन्हाळ्यात जलाशयात वर कोमट आणि खाली थंड असे पाण्याचे थर पडतात. वीजगृहाची तोंडे ठरावीक उंचीवर असल्याने पातळी उतरली की कोमट पाणी बाहेर पडे. अंड्यांसाठी पाणी साधारणतः ५६ अंश फॅरनहाइट, म्हणजे १३.३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उबदार असू नये, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले. १९८७ पासून काही वर्षे त्यासाठी वीजगृह टाळून खालच्या विमोचकांतून थंड पाणी सोडावे लागले आणि तेवढ्या वीजनिर्मितीवर पाणी सोडावे लागले. १९९७ साली सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून धरणाच्या जलाशयाकडील भिंतीला झडपा असलेला प्रचंड पोलादी सांगाडा बसवण्यात आला. वसंतात वरच्या झडपा उघडून कोमट पाणी आधी वापरायचे आणि तळातील थंड साठा उन्हाळ्यासाठी राखायचा, असे त्याचे तत्त्व आहे. विसर्ग अकस्मात कमी केल्यास अंड्यांची घरटी उघडी पडतात व पिले काठच्या डबक्यांत अडकतात. म्हणून तो टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

थंड साठा मर्यादित असतो. वसंतात शेतीसाठी अधिक पाणी सोडले तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माशांसाठी तो उरत नाही. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात तसेच झाले आणि हिवाळी साल्मनची बहुसंख्य अंडी व पिले नष्ट झाली. याच विसर्गामुळे धरणाखाली रेडिंगजवळ इंद्रधनुषी ट्राउटचा मोठा नैसर्गिक साठा मात्र पोसला गेला असून तेथील गळमासेमारी प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील अनेक मोठ्या धरणांखाली असे घडले आहे. जेथील मूळ मासे कोमट पाण्यातले होते, तेथे थंड विसर्गाने ते हटले आणि त्यांच्या जागी केंद्रात वाढवलेला ट्राउट सोडण्यात आला. आर्कान्सा राज्यातील नॉरफोर्क धरणाखालचे केंद्र याच हेतूने उभारले गेले. स्टोन यांनी ज्या माशाचे बीज देशभर पाठवले, तो अशा रीतीने धरणांखालील कृत्रिम नद्यांचा प्रमुख रहिवासी बनला.

स्मृती आणि वारसा

हिवाळी साल्मनची पिले आरंभी कोलमन केंद्रात वाढवली जात. ती मोठी होऊन सॅक्रामेंटोऐवजी बॅटल क्रीकच्या पाण्याकडे परतू लागली. म्हणून शास्ता धरणाच्या पायथ्याशीच, धरणातून येणाऱ्या पाण्यावर चालणारे स्वतंत्र केंद्र १९९७ साली उभारले गेले. त्याला ‘लिव्हिंगस्टन स्टोन राष्ट्रीय मत्स्यबीज केंद्र’ असे नाव देण्यात आले. या केंद्राचा हेतू मासेमारीसाठी उत्पादन वाढवणे हा नसून रानटी वंश टिकवणे हा आहे. त्यासाठी नदीतून पकडलेल्या माशांची आनुवंशिक तपासणी करून त्यांची अंडी उबवली जातात.

विन्नेमेम विंटू समाजाने २००४ साली शास्ता धरणाची उंची वाढवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध पुन्हा युद्धनृत्य केले. बेर्ड येथील माशांचे वंशज न्यूझीलंडच्या नद्यांत आहेत, या श्रद्धेने त्यांचे प्रतिनिधी २०१० साली तेथे गेले आणि माशांसमोर विधी केले. ते मासे मक्लाउडमध्ये परत आणावेत, अशी त्यांची मागणी आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे धरणाखालील पाणी तापण्याचा धोका असताना, शासकीय यंत्रणांनी या समाजाच्या सहभागाने हिवाळी साल्मनची सुमारे ४० हजार अंडी मक्लाउडच्या वरच्या पात्रात उबवण्यासाठी ठेवली. ही अंडी लिव्हिंगस्टन स्टोन केंद्रातून आणलेली होती. धरण झाल्यापासून सुमारे ८० वर्षांनी या नदीत पुन्हा साल्मनची पिले पोहली. समुद्राकडे जाण्यासाठी मात्र त्यांना पात्रात पकडून, वाहनाने धरणाखाली नेऊन सोडावे लागले.

स्टोन यांच्या कार्याचे मूल्यमापन आज दोन अंगांनी केले जाते. अंडी काढणे, उबवणे आणि दूरवर नेणे या तंत्रांचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान निर्विवाद आहे. मात्र उबवणी केंद्र हे नदीला पर्याय ठरू शकते, या समजुतीलाही त्यांच्या पिढीच्या यशाने बळ मिळाले आणि पुढे मोठी धरणे बांधताना तिचाच आधार घेतला गेला. या समजुतीच्या मर्यादा अफोग्नाकच्या निमित्ताने जाहीरपणे मांडणाऱ्या पहिल्या काही मत्स्यसंवर्धकांतही स्टोन यांचाच समावेश होतो.